आकाशातून येणारे संकट : पडद्यावरचे आणि लोणारचे

सर्वांत चांगला विज्ञानपट कोणता, असे वर्गात विचारले की ज्यात सर्वांत मोठा स्फोट असतो त्याचेच नाव बहुधा पुढे येते. मोठा स्फोट दाखवण्यात गैर काहीच नाही. पण चित्रपट मनात टिकून राहतो तो त्यामुळे नव्हे. मग कशामुळे?

याचा विचार करायला जालना जिल्ह्यातील शिक्षकांना एक चांगली जागा हाताशी आहे. मंठा तालुक्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यातील लोणार लागते. तेथील विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ते ज्वालामुखीचे नसून आकाशातून आदळलेल्या वस्तूच्या आघाताने झाले आहे, याचे भक्कम पुरावे १९७३ साली प्रसिद्ध झाले. आघाताच्या प्रचंड दाबानेच घडू शकतील असे बदल तेथील खडकातील खनिजांत आढळले होते.

याच प्रकारच्या संकटावर १९९८ साली दोन अमेरिकी चित्रपट आले. मायकेल बे यांच्या ‘आर्मागेडन’मध्ये टेक्सास राज्याएवढा लघुग्रह पृथ्वीवर आदळणार असल्याचे अवघे १८ दिवस आधी कळते. आता आकडे पाहू. या मापाला जवळचा लघुग्रह म्हणजे सेरेस. त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर, आणि तो दुर्बिणीतून सापडला १८०१ साली! एवढी वस्तू १८ दिवसांच्या अंतरावर येईपर्यंत साध्या डोळ्यांनाही दिसू लागली असती. चित्रपटातील वीर तिच्यात सुमारे २४० मीटर खोल भोक पाडून अणुबाँब ठेवतात. एक मीटर व्यासाच्या गोळ्यावर पाव मिलिमीटरचा ओरखडा काढावा, तसे हे झाले. अशा ओरखड्यातून गोळ्याचे दोन तुकडे कसे होतील?

मिमी लेडर यांचा ‘डीप इम्पॅक्ट’ही निर्दोष नाही. शेवटी मोठा तुकडा पृथ्वीजवळ फोडतात आणि आकाशात फक्त उल्का चमकतात. पण तुकडे केले म्हणून वस्तुमान नाहीसे होत नाही. ते सारे वातावरणात शिरले, तर त्याच्या गतिज ऊर्जेची उष्णता कोठे जाणार? हा प्रश्न दहावीचा विद्यार्थीही विचारू शकेल.

तरीही हा दुसरा चित्रपट मला अधिक मोलाचा वाटतो. त्यातील धूमकेतू प्रथम दिसतो तो शाळेच्या खगोल मंडळातील एका मुलाला. पुढे दहा लाख माणसांना भुयारी आसऱ्यात नेण्याचे ठरते. त्यांतील दोन लाख निवडलेले तज्ज्ञ. उरलेल्या आठ लाखांसाठी सोडत, आणि तीत पन्नाशी उलटलेल्यांना स्थान नाही. येथे प्रेक्षक थबकतो. आपल्या घरातले कोण आत जाईल? ज्यांनी शिकवले ते गुरुजी बाहेरच राहणार काय? ‘आर्मागेडन’मध्ये एक वीर प्राण देतो आणि हिशेब मिटतो. येथे तो मिटत नाही, घरापर्यंत आपल्याबरोबर येतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘धूमकेतू’ ही कथा आठवेल. तीतही एका हौशी निरीक्षकाला नवा धूमकेतू दिसतो आणि तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. शास्त्रज्ञ अणुस्फोटाने त्याचा मार्ग किंचित बदलतात. पण निरीक्षकाच्या स्वतःच्या घरात श्रेय मिळते ते शांतीसाठी केलेल्या यज्ञाला. पृथ्वी वाचली, विचार करण्याची रीत मात्र जिथल्या तिथे राहिली. कथेचा खरा आघात आहे तो हा.

नारळीकरांची कल्पना फोडण्याची नव्हे, वळवण्याची होती, हेही ध्यानात घ्यावे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे ‘डार्ट’ यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. डिडिमॉसभोवती फिरण्याचा त्याचा काळ ११ तास ५५ मिनिटे होता, तो सुमारे ११ तास २३ मिनिटे झाला. वेळेवर दिलेला लहानसा धक्का ऐनवेळच्या मोठ्या स्फोटापेक्षा अधिक उपयोगी पडतो. त्यासाठी संकट आधी दिसले पाहिजे, म्हणजेच कोणीतरी रोज आकाश पाहत असले पाहिजे.

तेव्हा चांगल्या विज्ञानपटाची ओळख अशी सांगता येईल : तो एक वैज्ञानिक शक्यता गृहीत धरतो, तिच्या परिणामांपासून पळ काढत नाही, आणि माणसांपुढे असा प्रश्न ठेवतो की त्याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. आकड्यांची एखादी चूक वर्गात दुरुस्त करता येते. प्रश्नच नसला, तर दुरुस्त करायला काही उरत नाही.

असा एखादा चित्रपट मुलांना दाखवावा, चुका त्यांनाच शोधू द्याव्यात, आणि मग सहल लोणारला न्यावी. विवराच्या काठावर उभे राहून ‘हे पुन्हा घडले तर?’ असे एखाद्या मुलीने विचारले, तर घाईने उत्तर देऊ नये. त्या रात्री तिला आकाश दाखवावे.