हशाच्या आडोशाने: सत्तरच्या दशकातील ब्रिटिश चावट चित्रपट

सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये अल्प खर्चाच्या चावट विनोदी चित्रपटांचे पीक आले. त्यांचा साचा ठरलेला असे. नायक कामगार वर्गातला, थोडा बावळट तरुण. तो खिडक्या पुसतो, टॅक्सी चालवतो किंवा नळ दुरुस्त करतो, आणि त्या निमित्ताने त्याला परक्या घरात पाऊल टाकता येते. घरात एकटी, उतावीळ गृहिणी असते. ऐन वेळी नवरा दारात उभा राहतो आणि नायक कपडे गोळा करत पळ काढतो. समीक्षकांनी या चित्रपटांना झोडपले, पण तिकीटबारीवर ते चालले. विनोद हा यात अंगप्रदर्शनाचा परवाना होता. प्रेक्षक हसला की अश्लीलतेचा आरोप बोथट होई. मात्र त्याच परवान्याने या प्रकाराची वाढही खुंटवली.

या चावटपणाची मुळे जुनी आहेत. म्युझिक हॉलमधील द्व्यर्थी गाणी, रंगभूमीवरचे फार्स आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत विकली जाणारी विनोदी पोस्टकार्डे यांतून तो आला. अशा पोस्टकार्डांचा प्रसिद्ध चित्रकार डोनाल्ड मॅकगिल याच्यावर १९५४ मध्ये लिंकन येथे अश्लीलतेचा खटला चालला होता. १९५८ पासून निघालेल्या ‘कॅरी ऑन’ मालिकेने हाच विनोद पडद्यावर आणला, पण तिथे सारा मामला शब्दांवर आणि भुवया उंचावण्यावर भागत असे. दुसरा प्रवाह नग्नसंघांवरील चित्रपटांचा. जॉर्ज हॅरिसन मार्क्सच्या ‘नेकेड अ‍ॅज नेचर इंटेंडेड’ने (१९६१) निसर्गजीवनाचा आव आणून नग्नता दाखवली. सत्तरच्या दशकात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले.

ते एकत्र येण्याला कायदा आणि अर्थकारण कारणीभूत ठरले. १९७० मध्ये सेन्सॉर मंडळाने ‘एक्स’ प्रमाणपत्राची वयोमर्यादा सोळावरून अठरावर नेली. प्रेक्षक प्रौढच असणार हे निश्चित झाल्याने पडद्यावर अधिक मोकळीक मिळाली. तरीही खऱ्या संभोगाचे चित्रण सार्वजनिक पडद्याबाहेरच राहिले. त्याच सुमारास अमेरिकी स्टुडिओंनी ब्रिटिश निर्मितीतून बराचसा पैसा काढून घेतला. प्रेक्षक दूरचित्रवाणीकडे वळले होते. १९४६ मध्ये वर्षाला १६० कोटींहून अधिक तिकिटे खपत. १९७० मध्ये हा आकडा १९ कोटींच्या आसपास आला. घरच्या पडद्यावर न दिसणारे काहीतरी देणे चित्रपटगृहांना भाग होते. ‘ईडी लेव्ही’ने त्याला हातभार लावला. प्रत्येक तिकिटामागे गोळा होणाऱ्या या निधीतून ब्रिटिश चित्रपटांना त्यांच्या कमाईच्या प्रमाणात वाटा मिळे आणि दर्जाचा प्रश्न त्यात येत नसे. राष्ट्रीय चित्रपटसृष्टी जगवण्यासाठी आखलेल्या योजनेचा लाभ असा गल्लाभरू निर्मात्यांनाही झाला.

या प्रकाराचा मानदंड ठरला तो व्हॅल गेस्ट दिग्दर्शित ‘कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर’ (१९७४). ख्रिस्तोफर वूडने ‘टिमथी ली’ या टोपणनावाने लिहिलेल्या कादंबरीवर तो बेतला होता आणि त्याला कोलंबिया या अमेरिकी कंपनीचे पाठबळ होते. रॉबिन अ‍ॅस्क्विथचा टिमी हा मेव्हण्याच्या हाताखाली खिडक्या पुसणारा पोरगा. स्वयंपाकघरातला प्रसंग विशेष गाजला. साबणाचा फेस फरशीभर पसरतो आणि टिमी व घरमालकीण त्यात घसरत, आपटत राहतात. येथे शृंगारापेक्षा धडपड मोठी आहे. फेस शरीर झाकतो आणि हशाही पिकवतो. मूकपटांच्या काळापासून चालत आलेले घसरून पडणे आणि नवी नग्नता यांची सांगड या प्रसंगात जमली आहे. पुढे नॉर्मन कोहेनच्या दिग्दर्शनाखाली पॉप कलाकार, मोटार शिकवणारा आणि हॉलिडे कॅम्पचा कर्मचारी असे टिमीचे आणखी तीन अवतार १९७५ ते १९७७ या काळात आले. व्यवसाय बदलला, बाकी सारे तेच राहिले.

यशामागोमाग नकला निघाल्या. स्टॅन्ली लाँगने ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अ टॅक्सी ड्रायव्हर’पासून (१९७६) आपली तीन चित्रपटांची मालिका चालवली. या चित्रपटांतली पात्रयोजना मात्र चकित करते. ‘विंडो क्लीनर’मध्ये जॉन ल मेझुरिए आणि पुढे मिस मार्पल म्हणून गाजलेल्या जोन हिक्सन आहेत, ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये डायना डॉर्स नायकाची आई झाली आहे. चित्रपटसृष्टीत कामाचा दुष्काळ असल्याने मुरलेले नट मिळत. त्यांच्या सफाईमुळे फुसका संवादही कधीकधी तरून जातो.

साच्यातून खरोखर सुटलेला चित्रपट म्हणजे ‘एस्किमो नेल’ (१९७५). मायकेल आर्मस्ट्राँगने लिहिलेल्या या चित्रपटात तीन होतकरू तरुणांना एका चावट कवितेवर चित्रपट काढण्याचे काम मिळते. पैसे घालणाऱ्या प्रत्येकाला वेगळा चित्रपट हवा असतो: एकाला उघडीवाघडी दृश्ये, एकाला कुंग फू, एकाला समलिंगी वेस्टर्न. निर्माता पैसे घेऊन पसार होतो, त्यात नीतिरक्षकांसाठी सोवळी आवृत्तीही काढावी लागते. या धंद्याची आतून केलेली ही टिंगल अजूनही हसवते, कारण तिचे लक्ष्य शरीर नसून व्यवहार आहे. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलने पुढे ‘गोल्डनआय’ आणि ‘कसिनो रॉयल’ हे बाँडपट केले.

याच्या दुसऱ्या टोकाला हॅरिसन मार्क्सचा ‘कम प्ले विथ मी’ (१९७७) आहे. खोट्या नोटा छापणारे दोन म्हातारे एका आरोग्यकेंद्रात लपतात, एवढ्यावर तो चालतो. विनोद शिळा, बांधणी विस्कळीत. तरी लंडनच्या सोहो भागातील एका चित्रपटगृहात तो सुमारे चार वर्षे मुक्काम ठोकून होता. त्यामागे निर्माता डेव्हिड सलिव्हनच्या मासिकांतली जाहिरातबाजी होती. तिने मेरी मिलिंग्टनला नायिका म्हणून मिरवले, जरी पडद्यावर तिचा वावर थोडाच होता. जाहिरातीत भडक आश्वासन आणि पडद्यावर जुनाट फार्स, ही या प्रकाराची सवयच होती. मिलिंग्टनने १९७९ मध्ये तेहतिसाव्या वर्षी आत्महत्या केली.

या चित्रपटांतील स्त्री सदैव तयार असते, पण तिला स्वतःचे मन असे फारसे नसते. पुढाकार तिचा दाखवला जातो तो नायकाला निर्दोष ठरवण्यासाठी. नायकही विजेता नसतो. तो घाबरतो, घसरतो, पकडला जातो. म्हणूनच या चित्रपटांचा खरा विषय कामसुखापेक्षा लाज हा आहे. दुसरा विषय वर्गाचा. शिडीवरून खिडकीत डोकावणारा कामगार मध्यमवर्गाचे नवे स्वयंपाकघर, गालिचे आणि कंटाळा पाहतो. उपनगरी ब्रिटनचे हे चित्र हेतुपुरस्सर रेखाटलेले नसले तरी आज तेच अधिक मोलाचे वाटते.

दशक सरताना लाट ओसरली. ‘कॅरी ऑन एमॅन्युएल’ने (१९७८) मोकळ्या नग्नतेच्या वाटेने जायचा प्रयत्न केला आणि मालिका चौदा वर्षांसाठी थांबली. व्हिडिओ घरोघरी पोहोचल्यावर अर्ध्यामुर्ध्या दृश्यांसाठी तिकीट काढण्याचे कारण उरले नाही. १९८४ मध्ये वर्षाला जेमतेम साडेपाच कोटी तिकिटे खपली. १९८५ मध्ये ईडी लेव्ही रद्द झाली.

नव्वदच्या दशकापासून डेव्हिड मॅकगिलिव्रे, लिऑन हंट आणि सायमन शेरिडन यांच्या पुस्तकांनी या चित्रपटांकडे सांस्कृतिक इतिहासाचे साधन म्हणून पाहायला सुरुवात केली. ही दृष्टी रास्त आहे, पण तिने दर्जाचा निवाडा बदलत नाही. ‘एस्किमो नेल’ आणि ‘विंडो क्लीनर’मधील काही प्रसंग वगळता विनोद म्हणून फार थोडे टिकते. शृंगार दिसला की हशा मध्ये पडतो, आणि हशा रंगात येतो न येतो तोच पुढच्या अंगप्रदर्शनाची वेळ होते. मोडकळीला आलेल्या उद्योगाने तग धरण्यासाठी काय विकले आणि संकोची समाजाने ते कोणत्या सबबीखाली विकत घेतले, याचा पुरावा म्हणून मात्र हे चित्रपट अभ्यासण्याजोगे आहेत.