उसनी चाल, मान्य ऋण आणि चौर्याचा आरोप : लोकप्रिय गीतांच्या संदर्भात एक चिकित्सा

‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द मराठीत लिखित मजकुराच्या संदर्भात रूढ झाला. एखाद्या प्रबंधातील परिच्छेद दुसऱ्याच्या ग्रंथातून उचललेला असेल तर दोन्ही मजकूर शेजारी ठेवून चोरी दाखविता येते. गीताच्या चालीबाबत हा मार्ग पुरा पडत नाही. सप्तकातील बारा स्वर, ठरावीक ताल, प्रचलित रागांची वा स्वरसंगतींची चौकट हे सर्व संगीतकारांचे सामाईक भांडवल असल्याने दोन गाण्यांत काहीच साम्य न आढळणे हेच दुर्मीळ. तरीही लोकप्रिय गीतांवर चौर्याचे आरोप सातत्याने होतात आणि त्यांतील काही न्यायालयापर्यंत जातात. त्या खटल्यांचा अभ्यास करताना असे दिसते की, ‘साम्य किती?’ या प्रश्नाच्या गदारोळात ‘ऋण मान्य केले काय?’ हा अधिक मोलाचा प्रश्न मागे पडतो.

या दृष्टीने जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गीतावरील खटला आजही उद्बोधक आहे. बीटल्स विभक्त झाल्यानंतर १९७० मध्ये हे गीत प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. पुढच्याच वर्षी ‘ब्राइट ट्यून्स’ या कंपनीने दावा लावला. रॉनी मॅक यांनी रचलेल्या आणि ‘द शिफॉन्स’ या गायिकांच्या गटाने १९६३ मध्ये लोकप्रिय केलेल्या ‘हीज सो फाइन’ या गीताची चाल हॅरिसन यांनी घेतली, असा तो दावा होता. न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात रिचर्ड ओवेन यांच्यापुढे तो चालला. हे न्यायाधीश स्वतः ऑपेरांचे रचनाकार होते, त्यामुळे निकालपत्रात स्वरांची चर्चा एरवी क्वचित आढळावी इतकी तपशीलवार आली आहे.

ती चर्चा आपल्या सरगमच्या भाषेत मांडली तर वादाचे स्वरूप चटकन ध्यानी येते. मूळ गीतात दोन स्वरवाक्ये आहेत. पहिले ‘प ग रे’, दुसरे ‘प ध सां ध सां’. पहिले चार वेळा येते, त्यामागोमाग दुसरेही चार वेळा येते आणि त्याच्या एका आवृत्तीत वरच्या ऋषभाचा निसटता कणस्वर लागतो. हॅरिसन यांच्या गीतात पहिले वाक्य चार वेळा, दुसरे तीन वेळा, आणि चौथ्या आवृत्तीच्या जागी तेवढ्याच लांबीचा जोडभाग आहे. कणस्वर मात्र त्याच ठिकाणी. महाराष्ट्रातील कोणत्याही गानवर्गात पहिल्या वर्षाला असलेला विद्यार्थीसुद्धा सांगेल की, हे सर्व स्वर भूपाच्या पाच स्वरांतले आहेत. (स्वर भूपाचे असले म्हणून राग भूप होत नाही, हे संगीताच्या प्राध्यापकांना सांगावयास नको.) ज्या स्वरावलीत आपल्याकडे असंख्य भूपाळ्या आणि बंदिशी बांधल्या गेल्या, तीमधील तीन स्वरांच्या तुकड्यावर कोणाची मालकी कशी असू शकेल, असा प्रश्न येथील श्रोत्याच्या मनात प्रथम उभा राहील.

न्यायालयालाही हे मान्य होते. सुटी स्वरवाक्ये असामान्य नाहीत. असामान्य आहे तो त्यांच्या आवृत्तींचा क्रम आणि त्यातील कणस्वराची जागा, असे त्याचे म्हणणे. म्हणजे मालकी स्वरांची नसून बांधणीची. हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. राग सर्वांचा, बंदिश मात्र कोणा एकाची, हा भेद घराण्यांनी कटाक्षाने पाळला आहे. येथवर निकाल पटण्यासारखा आहे.

पुढचा भाग तितका पटत नाही. हॅरिसन यांनी जाणूनबुजून नक्कल केली असे न्यायाधीशांना वाटले नाही. कोपनहेगनमध्ये गिटार छेडत, सहकाऱ्यांच्या साथीने हे गीत कसे आकाराला आले याची साक्ष त्यांनी ग्राह्य मानली. तथापि एके काळी कानांवर पडलेले गाणे मनाच्या तळाशी राहिले आणि तेथून ते वर आले, म्हणून १९७६ च्या निकालात हे कृत्य नकळत झालेले असले तरी स्वामित्वहक्काचा भंगच ठरले. अपील न्यायालयाने १९८३ मध्ये ही भूमिका कायम ठेवली. कायद्याच्या चौकटीत ती सुसंगत असेल. परंतु ज्या कृत्यात हेतूच नाही त्याला ‘चौर्य’ हा नैतिक शब्द लावता येईल काय? मनाच्या तळाशी काय आहे याची झडती आरोप करणाऱ्यालाही घेता येत नाही आणि आरोपीलाही नाही. हॅरिसन यांनी पुढे ‘ओ हॅपी डे’ या जुन्या ख्रिस्ती स्तोत्राच्या नव्या रूपापासून आपल्याला प्रेरणा मिळाल्याचे सांगितले, म्हणजे ऋण मान्य करण्याची त्यांची तयारी होती, फक्त ते वेगळ्या सावकाराचे होते. त्यांच्याच गीतात ‘हरे कृष्ण’ मंत्र आणि गुरुस्तुतीचा संस्कृत श्लोकही गायिला आहे. त्यांच्यावर कोणी दावा लावला नाही. त्यांना मालक नव्हता.

या खटल्याचा शेवटही विलक्षण आहे. हॅरिसन यांचे पूर्वीचे व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांनी १९७८ मध्ये ‘हीज सो फाइन’चे हक्क ५,८७,००० डॉलरना विकत घेतले आणि ते स्वतःच वादीच्या जागी येऊन बसले. आधी अशिलाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस त्याच वादातून नफा कमावू पाहतो हे न्यायालयाला रुचले नाही, आणि तेवढीच रक्कम घेऊन त्यांनी हक्क हॅरिसन यांच्या स्वाधीन करावेत असे ठरले. रॉनी मॅक यांचे निधन मात्र १९६३ मध्येच झाले होते. ज्याच्या निर्मितीसाठी हा सारा लढा, असे म्हटले गेले, तो निर्माता या व्यवहारात कोठेही नव्हता.

अलीकडील खटल्यांत हा पेच अधिक घट्ट झाला. ‘ब्लर्ड लाइन्स’ या २०१३ च्या गीताबाबत लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने २०१५ मध्ये मार्व्हिन गे यांच्या वारसांच्या बाजूने कौल दिला. २०१८ मध्ये अपिलात तो बहुमताने कायम राहिला. भिन्नमत नोंदविणाऱ्या न्यायाधीशांनी मात्र, यामुळे एखाद्या संगीतशैलीवरच मालकी बहाल होते, असा आक्षेप घेतला. तो आक्षेप रास्त होता. याउलट २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने एड शीरन यांना निर्दोष ठरविले, तेव्हा चार स्वरसंगतींचा प्रचलित क्रम कोणाची खासगी मिळकत नव्हे ही गोष्ट पुन्हा अधोरेखित झाली. शीरन यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून ती दाखविली.

भारतीय कायद्याचा इतिहास या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. १९५७ च्या अधिनियमातील मूळ व्याख्येनुसार संगीतकृती ही छापलेली, लिहिलेली वा अन्य रीतीने आलेखित असणे आवश्यक होते. ज्या देशात संगीत मुखानेच पुढच्या पिढीकडे जाते तेथे ही अट घातली गेली हे आश्चर्यच. १९९४ च्या दुरुस्तीने ती गेली. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या ‘क्रेझी ४’ या चित्रपटाच्या प्रकरणात राम संपत यांनी एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसाठी रचलेल्या धुनेचा प्रश्न होता. उचललेला भाग काही सेकंदांचाच असला तरी तो कृतीचा गाभा आहे की नाही हे पाहावयाचे, असा निकष लावून न्यायालयाने मनाई हुकूम दिला, आणि नंतर पक्षकारांत तडजोड झाली.

न्यायालयाबाहेर, आणि न्यायालयाच्या कितीतरी आधी, मराठी रंगभूमीने या प्रश्नाला दिलेले उत्तर विसरले गेले आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांपासून छापील संहितेत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द लिहून त्यापुढे मूळ गाण्याचा निर्देश करण्याची रीत पडली. साकी, दिंडी यांसारख्या रूढ वृत्तांबरोबर लावणीच्या, कीर्तनातील पदांच्या, कानडी गाण्यांच्या चाली उघडपणे घेतल्या गेल्या. तो निर्देश प्रथम गायकनटाच्या सोयीसाठी होता हे खरे. पण त्यामुळे उसनवारी वाचकासमोर छापून येत असे. पुढे ‘मानापमान’ (१९११) साठी गोविंदराव टेंबे यांनी आणि ‘स्वयंवर’ (१९१६) साठी भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हाही बंदिशीवरून पद बांधणे हे कौशल्य मानले गेले, लांच्छन नव्हे. त्या पदांचे मोल मूळ चीज माहीत असलेल्या श्रोत्यालाच अधिक जाणवे.

या परंपरेचे गोडवे गाताना तिची उणीव झाकता कामा नये. ‘चाल’ या शब्दापुढे गाणे येई, गाण्याचा कर्ता येत नसे. टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा बाज मराठीत आणला असे कौतुकाने लिहिले जाते. तो बाज ज्या गायिकांच्या कंठात घडला त्यांची नावे नाटकाच्या पुस्तकात आली नाहीत. वास्तविक कर्त्याची नाममुद्रा आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. सदारंगांनी ती ख्यालात गुंफली, संतांनी अभंगात. म्हणजे नाव राखण्याची युक्ती ठाऊक असूनही उसनवारीच्या वेळी काही नावे गळाली, आणि ती कोणाची गळाली हे पाहिले तर त्यात योगायोग दिसत नाही.

हीच उणीव अगदी अलीकडे एका मोठ्या वादाच्या मुळाशी आली. ए. आर. रहमान यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन-२’ (२०२३) या चित्रपटातील ‘वीरा राजा वीरा’ हे गीत नासिर फैयाजुद्दीन आणि झहीरुद्दीन डागर या बंधूंच्या ‘शिवस्तुती’ या अडाणा रागातील रचनेवरून घेतल्याचा दावा फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात केला. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी अंतरिम आदेशाने त्यांच्या बाजूने कौल देऊन २ कोटी रुपये न्यायालयात जमा करण्यास सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. रचना गायिली म्हणून गायक तिचा कर्ता ठरत नाही, कर्तृत्वाचा प्रथमदर्शनी पुरावा हवा, ही त्यामागील भूमिका होती. मौखिक परंपरेत असा पुरावा कोणत्या स्वरूपात असणार, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

येथे श्रेयनामावलीतील एक ओळ निर्णायक ठरते. रचना डागरवाणी परंपरेतील धृपदावर आधारित असल्याचा उल्लेख गीतासोबत आधीपासूनच होता. एकल न्यायाधीशांच्या आदेशाने त्या जागी ‘शिवस्तुती’चे आणि दोन्ही बंधूंचे नाव यावयाचे होते. म्हणजे ऋण नाकारलेले नव्हते. ते परंपरेच्या नावे जमा केले होते, व्यक्तींच्या नव्हे. ‘सौभद्रा’च्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर लावणी येई आणि लावणीकार येत नसे, तसेच.