‘दुर्गम’ या शब्दाची झडती

शब्दांची झडती घ्यायची सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली. ‘हरिजन’ हा शब्द आपण घेतला नाही, देणाऱ्याच्या तोंडावर परत केला. त्या शब्दात देणाऱ्याचा मोठेपणा होता, घेणाऱ्याचं काहीच नव्हतं. पण दुसऱ्याच्या अंगावर टाकलेले शब्द आपण तपासत नाही. असा एक शब्द आपल्या भाषणात, ठरावात, कवितेत बिनधास्त फिरतोय. ‘दुर्गम’. दुर्गम भागातला आदिवासी. दुर्गम पाड्यावरची माय. सरकारच्या जी.आर.मध्ये हा शब्द आहे, पांढरपेशांच्या पेपरात आहे आणि आपल्या सायक्लोस्टाइल पानांवरही आहे. तिघांच्या तोंडी एकच शब्द आला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

दुर्गम म्हणजे जिथं जाणं कठीण. पण जाणं कुणाला कठीण? वर्तकनगरच्या नाक्यावरून उपवनकडे निघा. तळं मागं टाकलं की जंगलखात्याचं गेट. गेटातून चढ लागतो आणि वर येऊर. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, रोणाचा पाडा. हे सगळं ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत. परिवहनची बस वर जाते. शनिवार-रविवारी मोटारवाले जातात. वर बंगले आहेत, हॉटेलं आहेत. मोटारवाल्याला येऊर निसर्गरम्य आणि रात्री कळा सुरू झालेल्या पाड्यावरच्या बाईला दवाखाना दुर्गम! चढ तोच, रस्ता तोच. मग हा शब्द अंतराचा नाही. कुणाच्या वाट्याला काय यावं, याचा हा शब्द आहे.

आता जरा लांब जाऊ. शहापूर तालुका. तानसा धरणाचं पाणी मुंबईला १८९२ साली आलं. मोटार नव्हती, हायवे नव्हता, तेव्हा डोंगर फोडून लोखंडी पाइप आणले. मग १९५७ ला वैतरणा, पुढं भातसा, २०१४ ला मध्य वैतरणा. पाणी खाली यायला डोंगर कधी आडवा आला नाही. आणि त्याच शहापुरात उन्हाळ्यात पाड्यावर टँकर लागतो, बाया हंडे घेऊन उतरतात. पाण्याला वाट सापडते. लाकडाला सापडते. इलेक्शनच्या जीपला सापडते. वीटभट्टीच्या मुकादमाला तर अंधारातही सापडते. पावसाळा सरला की तो पाड्यावर उचल वाटतो आणि दिवाळीनंतर अख्खं कुटुंब पोराबाळांसकट भट्टीवर. आठवड्याला हातात पडते ती खर्ची. हिशेब पावसाच्या तोंडाला, तोही शेठच्या वहीत. ठाण्या-कल्याणच्या कितीतरी भिंतींत कातकऱ्याच्या हातची वीट आहे. ज्याच्या हातची वीट आपल्या उशाशी, तो माणूस आपल्याला दुर्गम कसा?

या शब्दाचा खरा उपयोग काय ते सांगतो. ‘दुर्गम’ म्हटलं की गुन्हेगार गायब होतो. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं कुपोषणानं मेली. मारलं कुणी? डोंगरानं. डोंगरावर केस होत नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. अशा देशभरच्या ७५ जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं २४ हजार कोटींच्या वरची जनमन योजना काढली. त्यात घरकुलं आहेत. पण घर बांधायला पायाखाली जागा लागते. कित्येक कातकरीवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. अशा वाडीत घरकुलाला अडवणारा दगड डोंगरातला नसतो, सातबारातला असतो. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो आणि ते दप्तर दुर्गम भागात नाही, तालुक्याच्या सडकेवर आहे.

ही युक्ती फक्त आपल्याकडची समजू नका. गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांनाही सरकार ‘दूरच्या वस्त्या’च म्हणतं. आधी त्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांना हाकललं, कोंडलं. मग म्हणाले, तुम्ही फार लांब राहता. २००७ साली उत्तर प्रदेशात, म्हणजे त्यांच्या नॉर्दर्न टेरिटरीत, पोरांच्या रक्षणाचं कारण सांगून सरकारनं लष्कर पाठवलं आणि वंशभेदाविरुद्धचा कायदा तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. २०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या प्रीमियरनं सांगितलं की २७४ वस्त्यांपैकी १०० ते १५० बंद कराव्या लागतील, पाणी-वीज परवडत नाही. पुढच्या वर्षी त्यांचा पंतप्रधान ॲबट बोलला की तिथं राहणं ही त्या लोकांची जगण्याची हौस आहे, तिचा खर्च करदात्यानं का सोसावा? लोक रस्त्यावर उतरले. पण २०२३ च्या ऑक्टोबरात मूळ रहिवाशांना पार्लमेंटपुढं आपलं म्हणणं मांडायला घटनेत जागा द्यावी का, असं मतदान घेतलं, तर देशानं नाही म्हटलं. आता आपल्याकडं बघा. २०१७ साली महाराष्ट्र सरकारनं पट दहाच्या खाली म्हणून १३०० च्या वर शाळा बंद करायचं ठरवलं. कारण एकच: परवडत नाही. आधी दुर्गम म्हणायचं, मग महाग म्हणायचं, मग बंद करायचं. तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर आपल्या कविता उभ्या आहेत, म्हणून ही झडती.

या सगळ्याला विद्वानांचा पाया आहे, तोही बघू. १९३९ साली व्हेरिअर एल्विननं बैगा जमातीवर पुस्तक लिहिलं आणि त्यांच्यासाठी एक प्रकारचं राष्ट्रीय उद्यान असावं असं सुचवलं. बाहेरच्या सावकाराला, ठेकेदाराला आत येऊ देऊ नका, हा त्यातला कळवळा. १९४३ ला मुंबई विद्यापीठाचे डॉ. गो. स. घुर्ये यांनी पुस्तक लिहून उलट मांडलं: हे आदिवासी वगैरे काही नाहीत, हे मागासलेले हिंदू आहेत, त्यांना हिंदू समाजात पुरतं मिसळू द्या. मिसळू द्या, पण कुठल्या पायरीवर? जातीच्या इमारतीत नवीन भाडेकरू तळमजल्याच्याही खाली जातो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज जे लोक ‘आदिवासी’ शब्द खोडून ‘वनवासी’ लिहितात, त्यांच्या बोलण्याची नाळ याच विचाराला जोडलेली आहे. आदिवासी म्हटलं की आधीचा मालक कोण हा प्रश्न उठतो. वनवासी म्हटलं की फक्त पत्ता उरतो, आणि पत्ता बदलता येतो.

एल्विनच्या उद्यानाचं काय झालं ते आपल्या डोक्यावरच दिसतं. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. हे उद्यान माणसासाठी नव्हे, जनावरासाठी. १९९७ ला मुंबई हायकोर्टानं उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा हुकूम दिला आणि तेव्हापासून तिथल्या आदिवासीच्या गळ्याशी एकच सवाल आहे: तू इथला कशावरून? २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क मान्य केला. चांगलं झालं. पण पुरावा त्यानं आणायचा. जंगल आधी कुणाचं होतं, याचा पुरावा जंगलखात्याकडं कुणी मागितला?

आता एक अवघड गोष्ट. आपल्या सभेत ती बोलली जात नाही. ६ मे १९४५ ला मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नाचा तोडगा मांडला. त्या योजनेतून त्यांनी आदिवासींना बाहेर ठेवलं. त्यांच्यात राजकीय जाण अजून आलेली नाही, ते दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या भागासाठी वेगळं कायदेशीर कमिशन असावं, असं त्यांनी सुचवलं. यानंतर सतरा दिवसांनी, २३ मे १९४५ ला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं: वेठ करायची नाही, बारा आणे रोज घेतल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती पडले. राजकीय जाण आणखी कशाला म्हणतात?

हे बाबासाहेबांना कमी लेखायला लिहीत नाही. ते बोलले तेव्हा झरी व्हायची होती. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये आदिवासींचा विषय काढून त्यांनी बोट दाखवलं ते आदिवासीकडं नाही, हिंदूंकडं: इतकी शतकं शेजारी राहून तुम्ही त्यांना आपलं का केलं नाही? आणि १९५० च्या घटनेत वारल्याला मत मिळालं, राखीव जागा मिळाल्या, पाचवी अनुसूची आली. पण धडा घ्यायला पाहिजे. मुंबईपासून झरी शंभर मैलांच्या आत. एवढ्या अंतरावरचा उठाव एवढ्या मोठ्या नजरेलाही आधी दिसला नसेल, तर आपल्या नजरेबद्दल आपण किती खात्री बाळगायची? बाबासाहेबांना प्रश्न विचारायला बाबासाहेबांनीच शिकवलंय. भक्तीला त्यांनी राजकारणात जागा दिली नव्हती.

आता साहित्याकडं येतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’वर जब्बार पटेलांचा १९७७ चा सिनेमा आहे. ठाकरांची गोष्ट. ढोल आहे, मध आहे, डोंगर आहे, गाणी तर अशी की आपल्या पोरांच्याही तोंडी. कलाकृती म्हणून वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण झगडा कुणाचा? माणसाचा आणि राणीमाशीचा. डोंगर कुणाच्या नावावर, हा झगडा गोष्टीच्या मधोमध येत नाही. प्रेक्षक ठेका धरून घरी जातो. ठाकर डोंगरावरच राहतो.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वेगळं आहे. १९७० साली आलं, १९७२ ला साहित्य अकादमी मिळालं. त्यात वेठ कशी चालते, लग्नाच्या कर्जापायी माणूस लग्नगडी होऊन कसा बांधला जातो, ते आतून सांगितलंय. दुर्गम म्हणून सुटका नाही, जमीनदार समोर उभा केलाय. हे पुस्तक प्रत्येक शाखेत वाचलं पाहिजे. तरी नावावर माझा आक्षेप आहे. जागा होतो, म्हणजे आधी झोपला होता? पुस्तकातलीच साक्ष काढा. तो झोपलेला नव्हता, छातीवर कुणी बसलं होतं. झोपलेल्याला उठवणारा लागतो. छातीवरचा हटवायला सोबती लागतो. उठवणारा नंतर पुढारी होतो, सोबत्याला तशी सोय नाही. हा फरक कम्युनिस्टांपुरता नाही, आपल्यालाही लागू आहे.

कारण आपल्या कवितेतला आदिवासी बघा. तो कायम तीरकमठा घेऊन उभा. कायम उपाशी, कायम उद्या पेटणारा. त्याला नाव नाही, गाव नाही, रोज किती ते नाही, बोली नाही. आपल्या आगीला लाकूड पाहिजे म्हणून त्याला जंगलातून आणलाय. सवर्ण लेखकांनी झोपडपट्टीतला महार असाच वापरला, तेव्हा आपण विचारलं होतं की हे भोगलं कुणी आणि लिहितोय कोण? तोच सवाल आता पाड्यावरून आपल्याकडं येतोय. ‘दलित-आदिवासी’ असं आपण जोडून लिहितो. मधल्या छोट्या रेघेवर सगळा भार टाकतो आणि रेघेपलीकडं काय चाललंय ते बघत नाही.

बोलणारे नाहीत असंही नाही. वाहरू सोनवणेंचा ‘गोधड’ आहे. शहाद्याच्या श्रमिक संघटनेत घडलेला हा भिल्ल कवी. १९९० साली पालघरला भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भुजंग मेश्रामांचं ‘उलगुलान’ आहे. उषाकिरण आत्रामांची ‘म्होरकी’ आहे. आपल्यापैकी कितींनी वाचलंय? स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या रागानं लिहिणारी ही माणसं असताना आपण त्यांच्या वतीनं हंबरडा फोडायचा, हे दुसऱ्याच्या मयताला जाऊन त्याच्या आईपेक्षा मोठ्यानं रडण्यासारखं आहे.

तर मग काय करायचं? कविता बंद करा असं म्हणत नाही. एवढंच म्हणतो, ‘दुर्गम’ लिहाल त्या ओळीत तो शब्द खोडा आणि तिथं कारण लिहा. दवाखाना नाही, कारण डॉक्टर राहत नाही. जमीन नाही, कारण सातबारा शेठच्या नावावर. शाळा नाही, कारण पोरगं भट्टीवर. असं लिहिलं की कवितेत गुन्हेगार परत येतो आणि कविता कामाला लागते.

आणि हातात पेन आहे तर ते फॉर्मलाही लागू दे. वनहक्काचे दावे, जातीचे दाखले, रेशनकार्ड यात आपल्या पोरांचा हात बसलेला आहे. तहसीलदाराच्या टेबलाशी भांडायचं कसं हे आपण दोन पिढ्या शिकलो. ती विद्या पाड्यावर न्या. पण पुढारी म्हणून नाही. पुढची बैठक त्यांच्या अंगणात, त्यांच्या वेळेला, बोलणारे ते आणि लिहून घेणारे आपण. या अंकाच्या संपादकांनाही सांगणं आहे: चार पानं रिकामी ठेवा. वारली, कातकरी, ठाकर माणूस जे बोलेल ते त्याच्या बोलीत, त्याच्या नावानं छापा. दुरुस्त करू नका.

वर्तकनगरवरून येऊरला चढायला लागतो तेवढा वेळ आपण सभेत हारतुऱ्यांना देतो. अंतर तेवढंच आहे.

जयभीम.