कथेकऱ्याविना चित्रकथी : एक मूल्यमापन

नोएडा येथील भारतीय वारसा संस्थानात संग्रहालयशास्त्राचे अध्यापन होते. त्या शास्त्रापुढील एक प्रश्न तौलनिक साहित्याचाही आहे : प्रेक्षकाला प्रतिमा-ध्वनींनी वेढणाऱ्या दालनात अमूर्त वारशाचे नेमके काय उरते?

पिंगुळीची चित्रकथी घ्यावी. ठाकर कलावंत पोथीतील एकेक चित्र समोर धरून वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा सांगतो. चित्र स्थिर असते. गती निवेदनात असते. चित्रच हलविणारा पडदा कथेकऱ्याचे हे कार्य स्वतःकडे घेतो.

युनेस्कोच्या २००३ च्या करारानुसार (भारताची मान्यता २००५) असा वारसा समूह सतत नव्याने घडवीत असतो. त्यामुळे प्रेक्षकाचा विस्मय किंवा दालनात घालविलेला वेळ हे निकष अपुरे ठरतात. श्रोत्यानुसार कथा बदलते काय, आणि ती बदलण्याचा अधिकार ठाकर समाजाकडे राहतो काय, हे तपासावे लागते. परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी पिंगुळीत गोठ्यात उभारलेले संग्रहालय साधे आहे. परंतु तेथे संग्राहक व सादरकर्ते एकाच घरचे आहेत.

बंगालचा पट व राजस्थानची फड यांनाही हाच निकष लागू पडतो. तंत्राला विरोध असण्याचे कारण नाही. मात्र सांगणाऱ्याला स्थान नसलेल्या दालनास चित्रांचे दालन म्हणावे, चित्रकथीचे म्हणू नये.