कणव कोणाच्या वाट्याला?

दोषी माणसाविषयी प्रेक्षकाच्या मनात कणव निर्माण करणे ही दिग्दर्शकाची मोठी कसोटी मानली जाते. ती तशी आहेही. पण ही कणव नेमकी कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न आपल्या चित्रपटसमीक्षेने फारसा विचारलेला नाही. तो आपणच विचारला पाहिजे.

श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ (१९७४) घ्या. तेलंगणातल्या जमीनदाराचा मुलगा सूर्या. त्याला पुढे शिकायचे आहे; बाप शिकू देत नाही. लहान वयाच्या मुलीशी लग्न लावून देतो आणि शेती सांभाळायला खेड्यात धाडतो. बापाने स्वतः मात्र दुसरा संसार थाटलेला. सूर्याच्या हातून काही घडण्याआधीच दिग्दर्शकाने त्याला एवढी कारणे दिली आहेत. शिवाय तो गावाचा विटाळ झुगारून लक्ष्मीच्या हातचे खातो. त्याचा एकटेपणा आपण त्याच्याच घरात बसून पाहतो. म्हणून तो लक्ष्मीला जवळ करतो तेव्हा तो मालक आहे आणि ती मोलकरीण आहे, हे आपण क्षणभर विसरतो. प्रेक्षक फसतो तो इथेच.

आता लक्ष्मीचा नवरा किष्टय्या पाहा. मुका, बहिरा, कुंभार, दारूच्या आहारी गेलेला. ताडी चोरताना सापडतो. डोके भादरून गाढवावरून त्याची धिंड काढली जाते. तो गाव सोडतो. कॅमेरा त्याच्यामागे जात नाही. तो सूर्याच्या घरातच थांबतो. किष्टय्या कुठे राबला, त्याची दारू कशी सुटली, चार पैसे गाठीला बांधून तो कोणत्या आशेने परतला, यातले काहीही आपण पाहत नाही. सूर्याच्या दोषाला चरित्र मिळाले. किष्टय्याच्या दोषाला शिक्षा मिळाली.

बेनेगलांवर हा आरोप ठेवून थांबणे मात्र अन्यायाचे होईल. किष्टय्या काम मागायला येतो आणि घाबरलेला सूर्या त्याला फोडून काढतो, तेव्हा दिग्दर्शक आपण दिलेली सारी कणव परत घेतो. लक्ष्मीचा तळतळाट ऐकताना प्रेक्षकाला कळते, की इतका वेळ आपण या भेकडाच्या ओसरीवर बसलो होतो. शेवटी एक लहान पोर सूर्याच्या खिडकीवर दगड मारते. ही कबुली प्रामाणिक आहे. पण ती मालकाच्या घरातून दिलेली कबुली आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) कॅमेऱ्याची जागाच बदलली. कैकाडी कुटुंबातला जब्याही निर्दोष नाही. त्याला बापाच्या कामाची लाज वाटते. गावच्या हुकमावरून घरचे सारे डुकरामागे धावत असताना तो आडोशाला लपतो, कारण शाळेतली पोरे बघताहेत आणि त्यांत शालू आहे. बाप मार खाण्याइतका चिडतो, मारतो. एरवी ‘आईबापांची लाज वाटणारा पोरगा’ म्हणून आपण त्याला बोल लावला असता. इथे ते जमत नाही. कारण ती लाज त्याच्यात जन्मली नाही, बघणाऱ्यांच्या डोळ्यांतून त्याच्या अंगावर आली आहे, हे आपण त्याच आडोशाला उभे राहून पाहतो. मी पाहिलेल्या खेळाला डुकराच्या पाठलागावर लोक हसत होते. थोड्या वेळाने ते हसू थिजले. पडद्यावरही माणसे हसत होती आणि आपण त्यांच्याच रांगेत आहोत, हे उमगायला वेळ लागला. मग शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या चित्रासमोरून ते डुक्कर वाहून नेले जाते. शेवटी जब्याचा दगड थेट पडद्याबाहेर, आपल्या दिशेने येतो.

दोन्ही दगडांत जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे. पहिला मालकाच्या खिडकीवर बसला, दुसरा प्रेक्षकावर. पहिल्याने आपल्याला साक्षीदार केले, दुसऱ्याने आरोपी.

म्हणून चित्रपट पाहताना कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी साधा हिशेब मांडावा. कोणाच्या चुकीला बालपण दिले आहे? कोणाची चूक नुसती सवय म्हणून दाखवली आहे? कोण एकटा असताना कॅमेरा त्याच्याजवळ थांबतो, आणि कोण गाव सोडून गेला की त्याला विसरतो? निर्दोष, सोशीक दलित पडद्यावर पुष्कळ झाले. त्यांची दया येते, एवढेच. आम्हाला दया नको आहे. चुकण्याचा, आणि चुकूनही समजून घेतले जाण्याचा जो हक्क सूर्याला न मागता मिळाला, तो किष्टय्यालाही हवा आहे.