राक्षसाची वाचा कुणी काढून घेतली?

भयकादंबरीवर सिनेमा निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबते: भीती वाटली की नाही? लेखकाला भीती कशाची दाखवायची होती, हे कुणी विचारत नाही. मेरी शेली यांच्या 'फ्रँकेनस्टाईन'चे तेच झाले. आपल्याकडेही हे नाव भस्मासुराच्या जोडीने वापरले जाते. वस्तुतः ते राक्षसाचे नाव नव्हेच. त्याला घडवून वाऱ्यावर सोडणाऱ्या व्हिक्टरचे ते आडनाव आहे.

१८१८ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतला राक्षस बोलतो, आणि उत्तम बोलतो. त्याने मिल्टन वाचला आहे. डोळे उघडताच निर्माता त्याला टाकून पळाला, हे तो स्वतः सांगतो. बुडणाऱ्या मुलीला त्याने वाचवले. बक्षीस म्हणून गोळी मिळाली. पुढे तो खून करतो, निरपराध मुलाचाही. लेखिका त्याला निर्दोष ठरवत नाही. पण तो असा का झाला, हे त्याच्याच तोंडून ऐकायला लावते.

१९३१ साली जेम्स व्हेल यांनी सिनेमा केला. राक्षस मुका झाला. शास्त्रज्ञाचा नोकर चुकून गुन्हेगाराचा मेंदू चोरून आणतो, ही भरही सिनेमानेच घातली. इथे मुलगी बुडते ती राक्षसाच्याच हातून, फुलासारखी तरंगेल या भाबड्या समजुतीने. बोरिस कार्लोफच्या डोळ्यांतली व्यथा विसरता येत नाही, हे खरे. पण कथेचा न्याय फिरला. लेखिकेने दोष झिडकारणाऱ्या समाजावर ठेवला होता. पटकथेने तो डोक्यातल्या मेंदूवर ढकलला. जन्मतःच गुन्हेगार म्हटले की कुणाला काही विचारायचे उरत नाही. श्रेयनामावलीत तर लेखिकाही 'मिसेस पर्सी बी. शेली' एवढीच उरली.

आणखी एक व्यक्ती या सिनेमातून गळाली. ती आहे सफी, एका तुर्की व्यापाऱ्याची मुलगी. पॅरिसमध्ये तिच्या बापाला शिक्षा होते ती गुन्ह्यापेक्षा त्याच्या धर्मामुळे आणि संपत्तीमुळे, असे कादंबरी स्पष्ट म्हणते. डी लेसी कुटुंबातला फेलिक्स सफीला फ्रेंच शिकवतो. भिंतीच्या फटीतून राक्षस तेच धडे गिरवतो. म्हणजे एका परक्या मुलीच्या शिकवणीतून त्याला वाचा फुटते. सिनेमाने ती शिकवणीच काढून टाकली. मग बोलणार कोण?

तरीही शेलींना डोक्यावर घेऊन नाचायचे कारण नाही. तो तुर्क पुढे कृतघ्न निघतो. सफीच्या स्वतंत्र वृत्तीचे श्रेय तिच्या ख्रिस्ती अरब आईला मिळते. त्या काळच्या युरोपचे पूर्वग्रह इथे लपत नाहीत. पण राक्षसाचे म्हणणे ऐकून घेणारी ही लेखिका आपल्या पूर्वग्रहांपेक्षा मोठी ठरते.

१९३५ च्या पुढच्या सिनेमात व्हेलनीच राक्षसाला चार शब्द बोलू दिले. १९९४ साली केनेथ ब्रॅना आणि २०२५ साली गिलेर्मो देल तोरो यांनी त्याची वाचा बरीचशी परत केली. पण लोकांच्या मनात ठाण मांडून बसला तो १९३१ चा मुकाच.

रूपांतरात बदल होणारच. प्रसंग गाळले, पात्रे जोडली, म्हणून तक्रार नको. मात्र ज्याच्यावर आरोप आहे त्याची साक्षच गाळली, तर तो माध्यमबदल राहत नाही, निकालच बदलतो. तोंडाला कुलूप घातलेल्या माणसाचा राक्षस करणे फार सोपे असते. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.