दप्तराचे दहा टक्के: अंश सगळे मोजतात, छेद कोण मोजणार?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि ताईचा फोन आला. भाची यंदा पहिलीत गेली, सांगलीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. ताई म्हणाली, "अगं, शाळेनं चिठ्ठी दिलीया. दप्तर पोरीच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको म्हणं. तू पीएचडी करतीस न्हवं, मग सांग काय काढू?"

रविवारी गेले आणि बॅगा मोजायच्या लटकत्या काट्यावर सगळं मोजलं. भाचीचं वजन १७ किलो, म्हणजे मर्यादा १.७ किलो. रिकामं दप्तर ६०० ग्रॅम. वह्या-पुस्तकं ७०० ग्रॅम. चपाती, मटकीची उसळ आणि चार बेदाणे असलेला डबा ४०० ग्रॅम. पाण्यानं भरलेली बाटली ६०० ग्रॅम. एकूण २.३ किलो, म्हणजे साडेतेरा टक्के.

आता गंमत बघा. बाटली काढली की बरोबर १.७ किलो. नियम पाळला! ताईनं खरंच बाटली बाहेर काढून ठेवली होती. मी ती परत आत ठेवायला लावली. सहा वर्षांच्या पोरीला पाण्याविना शाळेत पाठवून पाळला जाणारा नियम कसला? आजचा लेख या नियमावर आहे. संशोधनात येऊ पाहणाऱ्या तुमच्यासाठी त्यात दोन-तीन धडे आहेत, जे मला स्वतःला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी उशिरा कळले.

दहा टक्के हा आकडा किती पक्का?

महाराष्ट्र शासनानं २१ जुलै २०१५ च्या निर्णयात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असं सांगितलं. केंद्राच्या शालेय दप्तर धोरण २०२० मध्येही हाच आकडा आहे, आणि त्याला जगभरातल्या अभ्यासांचा आधार असल्याचं म्हटलंय. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पालकांना १० ते २० टक्के असा सल्ला दिलेला आहे. पाठीचा कणा तिथलाही तोच. मग मर्यादा दुप्पट कशी? कारण हा आकडा निसर्गात सापडलेला नाही, तो माणसांनी बसून ठरवलेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण ठरवलेल्या आकड्याला सिद्ध झालेला आकडा म्हणायचं नाही.

२०१८ मध्ये यामातो आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक पद्धतशीर आढावा छापला. प्रश्न साधा होता: दप्तरामुळे मुलांची पाठ दुखते का? ६९ अभ्यास, ७२,६२७ मुलं. निष्कर्ष असा, की दप्तराचं वजन, रचना किंवा उचलायची पद्धत यांचा पाठदुखीशी संबंध असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. वाचून मी चक्रावले होते. मग बारकाईनं बघितलं. ६९ पैकी फक्त ५ अभ्यासांनी मुलांचा पुढे काही काळ मागोवा घेतला होता. उरलेले ६४ क्रॉस-सेक्शनल किंवा मागे वळून बघणारे होते. क्रॉस-सेक्शनल म्हणजे आजच दप्तर मोजायचं आणि आजच विचारायचं, पाठ दुखते का. आता ज्याची पाठ आधीच दुखते, तो पोरगा दप्तर हलकं करूनच येणार. मग तुमच्या तक्त्यात हलकं दप्तर आणि दुखरी पाठ शेजारी दिसणार. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे असल्या पाहणीतून कळत नाही.

यावरून "दप्तर कितीही जड चालतं" असं म्हणू नका. पुरावा नसणं आणि परिणाम नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओझं वाढलं की मूल पुढं झुकून चालतं, हे मोजून दिसतं. आणि त्याच आढाव्यात एक गोष्ट आहे जी धोरणात कुठं दिसत नाही: मुलाला स्वतःला दप्तर जड वाटतं का, याचा टिकून राहणाऱ्या दुखण्याशी एका पुढे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात संबंध दिसला. काटा जे सांगत नाही ते मूल सांगतं. आपण मात्र मुलाला विचारतच नाही.

गुणोत्तर काय लपवतं

माझा मुख्य आक्षेप इथं आहे. दप्तर भागिले मुलाचं वजन, हे गुणोत्तर. दप्तर हा अंश, मूल हा छेद.

२०२० च्या धोरणात इयत्तावार तक्ता आहे. पहिली-दुसरीच्या मुलाचं वजन १६ ते २२ किलो धरलंय आणि दप्तर १.६ ते २.२ किलो. शाळेत हा तक्ता कसा वापरला जाईल? पहिलीचं दप्तर २.२ च्या आत, झालं काम. पण तेच २.२ किलोचं दप्तर १६ किलोच्या मुलाच्या पाठीवर पावणेचौदा टक्के होतं. पुस्तकं सगळ्यांना सारखी, म्हणून नियम मोडतो तो नेमका बारक्या मुलाच्या बाबतीत, आणि वर्गाची सरासरी काढली की तो दिसतही नाही.

याच्या उलटही होतं. आमचं मूळ गाव माण तालुक्यात, साताऱ्याच्या दुष्काळी भागात. चुलतभावाचा मुलगा तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत आहे. सहा वर्षं पूर्ण, वजन साडेपंधरा किलो. त्याचं दप्तर मोजलं: १.३ किलो. डबा नाही, कारण दुपारची खिचडी शाळेत मिळते. गुणोत्तर ८.४ टक्के. म्हणजे नियमानुसार पुतण्या पास आणि भाची नापास.

पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षांच्या मुलग्याचं मध्य वजन २०.५ किलो आहे, आणि कमी वजनाची रेषा १६ किलोच्या जरा खाली. पुतण्या त्या रेषेखाली आहे. काळजी करायची कुणाची? जो पास झाला त्याची. आमच्या दहा टक्क्यांना हे कळलंच नाही, कारण छेद लहान आहे हा दोष धरायची सोय त्या सूत्रात नाही. छेद लहान झाला तरी एकच उपाय सुचवला जातो: अंश कमी करा. म्हणजे मूल जितकं अशक्त, तितका त्याचा डबा आणि पाणी काढायचा दबाव जास्त.

खरं तर छेद मोजला जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करतं, त्यात वजनही असतं. पण ते आरोग्य खात्याच्या कागदावर. दप्तर शिक्षण खात्याच्या कागदावर. दोन्ही कागद एका टेबलावर आले पाहिजेत.

डबा: ओझं की उपाय?

२०२० च्या धोरणाचं एक श्रेय द्यायलाच हवं. शाळेनं पुरेसं, चांगलं दुपारचं जेवण आणि पिण्याचं पाणी द्यावं, म्हणजे मुलांना डबा-बाटली न्यावी लागणार नाही, असं त्यात लिहिलंय. विचार बरोबर आहे. पण शालेय पोषण आहार सरकारी आणि अनुदानित शाळांत मिळतो. प्राथमिकसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं त्याचं प्रमाण आहे. भाचीच्या विनाअनुदानित शाळेला तो लागू नाही. तिथं डबा दप्तरातूनच जाणार.

इथं संशोधकाला फसवणारा सापळा आहे. समजा तुम्ही सातारा-सांगलीतल्या जिल्हा परिषद आणि इंग्रजी शाळांची तुलना केली आणि लिहिलं, "इंग्रजी शाळांत दप्तरं जड". त्यातलं किती ओझं पुस्तकांचं आणि किती डबा-पाण्याचं? वेगवेगळं मोजलं नसेल तर तुम्ही माध्यमाचा फरक म्हणून डब्याचा फरक छापाल.

साताऱ्यात हा धडा जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शिकणाऱ्या मुलाच्या हिशेबात जेवण आधी येतं, हे त्या दोघांना ठाऊक होतं.

मोजमापाशिवाय प्रयोग

२०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले आणि आत वहीची पानं घातली. एका वेळी एकच भाग न्यायचा, वेगळी वही नको. कल्पना चांगली होती. जानेवारी २०२५ मध्ये शासनानं ती मागे घेतली. मुलं तरीही वेगळ्या वह्या आणतात, हे कारण सांगितलं गेलं.

माझी तक्रार निर्णयाबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे. सगळ्या राज्यात एकदम सुरू केलं, एकदम बंद केलं. आधी चार तालुक्यांत देऊन चार तालुके तसेच ठेवले असते, दोन्हीकडं जूनमध्ये आणि जानेवारीत काटा लावला असता, तर आज आपल्याकडं उत्तर असतं. तुलनेला काही ठेवलं नाही की प्रयोग फसला की अंमलबजावणी फसली, हे कायमचं अंधारात राहतं.

तुम्ही हा विषय घेतलात तर

दप्तर आणि मूल दोन्ही मोजा, पण विश्लेषणात दोन वेगळी चलं म्हणून ठेवा. गुणोत्तर शेवटी काढता येतं. आधीच भागाकार केलात तर माहिती परत मिळत नाही.

एका दिवशी मोजू नका. सोमवारचं आणि शनिवारचं दप्तर सारखं नसतं.

दप्तर उघडून घटक मोजा: रिकामी पिशवी, पुस्तकं-वह्या, डबा, पाणी.

मूल किती चालतं ते लिहा. पुतण्या दीड किलोमीटर चालतो, भाची रिक्षानं जाते.

मुलाला विचारा, "जड वाटतं का?"

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मुलाचं वजन वर्गासमोर मोठ्यानं वाचू नका. पालकांची लेखी संमती घ्या, आकडा फक्त त्यांना सांगा. "काडी पैलवान" हे नाव एकदा चिकटलं की दहावीपर्यंत सुटत नाही. कुठल्याही प्रबंधापेक्षा ते ओझं जड असतं.

भाचीचं काय झालं? रिकामं दप्तरच ६०० ग्रॅमचं होतं, चाकं-चित्रं-कप्पेवालं. ताईनं साधं कापडी घेतलं, २५० ग्रॅमचं. वेळापत्रक बघून वह्या लावते. दप्तर अजूनही दहा टक्क्यांच्या थोडं वर आहे. डबा आणि पाणी जागेवर आहे. चुलतभावाला मी पुतण्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, "त्याचं दप्तर तर हलकं हाय की गं." तेच तर म्हणतेय मी.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कुठंही टक्केवारी किंवा गुणोत्तर असेल, तर आज रात्री एकदा त्याचा छेद तपासून बघा.